झाडाच्या मुळाशी गेलेला माणूस

जूनमध्ये पहिले चार पाऊस झाले की थेरगावात रोपे लावण्याची लगबग सुरू होते. सोसायटीच्या कुंपणालगत, शाळेच्या मैदानाकडेला, पवनेच्या काठी, डांगे चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या बाजूला खड्डे खणले जातात. काळ्या पिशव्यांतून कडुनिंब, करंज, जांभूळ, बहावा बाहेर काढून खड्ड्यांत बसवले जातात. वर मूठभर खत, तांब्याभर पाणी. दिवाळीपर्यंत त्यातली काही रोपे कमरेएवढी होतात. काही मात्र जागच्या जागी उभी राहतात. धड वाळत नाहीत, धड वाढत नाहीत. रोपवाटिका एकच, पाऊस एकच, पाणी घालणारे हातही तेच. मग फरक कुठे पडतो?

बहुतेक वेळा तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी, मुळांपाशी पडलेला असतो. शहर वाढते तेव्हा इमारतीच्या पायासाठी वरची काळी माती निघून जाते आणि खालचा मुरूम वर येतो. त्या मुरमात विटांचे तुकडे असतात, सिमेंट असते, पण मातीत एरवी राहणारे जीव फारसे नसतात. रोपाला वाढायला अन्नद्रव्ये लागतात हे सर्वांना ठाऊक आहे. ती मुळापर्यंत पोचवणारे मातीतले जीवही लागतात, हे तितके ठाऊक नसते. ही गोष्ट जगाला आग्रहाने, कधी कधी अतिआग्रहाने सांगणाऱ्या शास्त्रज्ञाचे सारे महत्त्वाचे काम भारतात झाले. त्यांचे नाव सर अल्बर्ट हॉवर्ड.

शेतकऱ्याचा मुलगा, प्रयोगशाळेतला कैदी

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यातल्या बिशप्स कॅसल या गावी झाला. घर शेतकऱ्याचे. पुढे ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायन्समध्ये आणि केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजमध्ये शिकले. निसर्गविज्ञानाची पदवी प्रथम श्रेणीत मिळवल्यावर त्यांनी शेतीशास्त्राची पदविकाही घेतली.

१८९९ मध्ये ते वेस्ट इंडीजमध्ये बार्बाडोसला बुरशीशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. उसावर आणि इतर पिकांवर पडणाऱ्या बुरशीजन्य रोगांचा अभ्यास करणे हे त्यांचे काम. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहायची, तिचे वर्णन लिहायचे आणि शेतकऱ्याला उपाय सांगायचा. काही काळातच त्यांना या कामातली एक उणीव टोचू लागली. रोगाविषयी सल्ला देणाऱ्या माणसाकडे तो सल्ला स्वतः करून पाहायला वितभर जमीन नव्हती. आजारी पान प्रयोगशाळेत येई; ते पान ज्या झाडाचे, ते झाड ज्या मातीत उभे, ती माती कधीच येत नसे.

१९०३ ते १९०५ या काळात ते इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या वाय येथील कृषी महाविद्यालयात होते. तेथे बिअरसाठी लागणाऱ्या हॉप या वेलीवर त्यांनी काम केले. बागायतदार नरवेली उपटून टाकत असत. नरवेली राखून नैसर्गिक परागीकरण होऊ दिले तर वेली अधिक चांगल्या वाढतात, हे हॉवर्ड यांनी दाखवले. निसर्गाची घडी मोडली की रोग आणि दुबळेपणा येतो, असे त्यांचे मत इथूनच बनू लागले.

पुशाची पंच्याहत्तर एकर

१९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे सरकारने मोठी कृषी संशोधन संस्था उभारली. हेन्री फिप्स या अमेरिकी दात्याच्या देणगीतून ती उभी राहिली होती. हॉवर्ड तेथे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. त्याच वर्षी मुंबईत त्यांचे गॅब्रिएल मॅथाय यांच्याशी लग्न झाले. गॅब्रिएल स्वतः केंब्रिजला संशोधन केलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. पाने कर्बवायू शोषून अन्न कसे तयार करतात, त्यावर उजेडाचा आणि तापमानाचा काय परिणाम होतो, यावरचे त्यांचे काम त्या काळी नावाजले गेले होते. १९१३ मध्ये सरकारने त्यांनाही वनस्पतिशास्त्रज्ञाचे पद दिले. पुढच्या पंचवीस वर्षांतले बरेचसे काम या दोघांचे मिळून आहे. नाव मात्र अनेकदा एकट्या अल्बर्ट यांचेच घेतले जाते.

पुशाला हॉवर्ड यांनी जमीन मागितली आणि त्यांना पंच्याहत्तर एकर मिळाली. तेथे त्यांनी आजूबाजूच्या बिहारी शेतकऱ्यांची शेती बारकाईने पाहायला सुरुवात केली. औषध न फवारता, विकतचे खत न घालता या शेतकऱ्यांची पिके बऱ्यापैकी निरोगी कशी राहतात, हा त्यांचा प्रश्न होता. पीक फिरवणे, डाळीचे पीक मधे घेणे, जनावर आणि शेत एकमेकांना धरून ठेवणे, या गोष्टी त्यांनी शेतकऱ्यांकडून उचलल्या. कीड आणि रोग यांना ते शत्रू मानण्यापेक्षा काहीतरी चुकते आहे हे सांगणारी खूण मानू लागले. हॉवर्ड दांपत्याने पुशाला गव्हाच्या सुधारित जातीही काढल्या. पुसा ४ आणि पुसा १२ ही त्यांतली गाजलेली नावे.

झाडांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम मात्र त्यांच्या फळबागेत झाले. आंबा, पेरू, लिची, सीताफळ, पीच अशा आठ प्रकारच्या फळझाडांची बाग त्यांनी लावली. काही झाडांखालची जमीन निंदून मोकळी ठेवली, काहींखाली गवत वाढू दिले. गवतातली कोवळी फळझाडे खुरटली, काही मेलीही. मोठी झाडे तगली, पण थकली. कारण शोधण्यासाठी हॉवर्ड यांनी मुळेच उघडी केली. माती काळजीपूर्वक काढून, धुऊन, मुळे कोणत्या महिन्यात कुठे जातात हे पाहिले.

त्यातून एक चित्र उभे राहिले. झाडाची मुळे दोन थरांत काम करतात. उन्हाळ्यात खोलवरची मुळे ओलावा शोधतात. पावसाळ्यात भूजल वर चढते, खालच्या मातीतली हवा संपते आणि ती मुळे गप्प होतात. तेव्हा वरच्या थरातली बारीक केशमुळे कामाला लागतात. नेमक्या त्याच थरात गवत बसलेले असेल तर मातीतली हवा आणि नत्र दोन्हींसाठी चढाओढ लागते आणि कोवळे झाड हरते. हे काम १९२५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केले.

यातला धडा आजही रोपे लावणाऱ्याच्या कामाचा आहे. मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते. मातीतल्या जिवांनाही ती असते. रोज पाणी घालून चिखल केलेल्या खड्ड्यात रोप तहानेने नव्हे, गुदमरून मरते.

शेण चुलीत, शेत उपाशी

याच काळात इकडे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन थेरगावच्या शेजारच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करत होते. आज तेथे उंच इमारती आहेत. तेव्हा ते साधे शेतकऱ्यांचे खेडे होते. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅन यांच्या अभ्यासात दिसले की १७७१ मध्ये या गावात सरासरी ४० एकर असलेली जमीन १९१४-१५ पर्यंत वाटण्या होत होत ७ एकरांवर आली होती. तीही एकसंध नव्हती, तुकड्यातुकड्यांत होती. वर कर्जाचा डोंगर.

अशा शेतकऱ्याने खत विकत आणायचे तरी कशातून? गोठ्यातले शेण हे त्याचे हक्काचे खत. पण जळण महाग असल्याने त्याच्या गोवऱ्या होऊन ते चुलीत जात होते. हिंदुस्थानातल्या खेड्याखेड्यांत हीच अवस्था होती. कमी शेणात, काहीही विकत न घेता, शेताला पुरेल इतके खत कसे तयार करायचे? हॉवर्ड यांच्यासमोर हा प्रश्न होता आणि पुशाच्या चौकटीत तो सुटण्यासारखा नव्हता. तेथे बुरशी एका खात्याकडे, कीटक दुसऱ्याकडे, माती तिसऱ्याकडे. वनस्पतिशास्त्रज्ञाने खताच्या ढिगात हात घातला तर दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकल्यासारखे होई.

इंदूरचा खड्डा

१९२४ मध्ये हॉवर्ड यांनी पुसा सोडले आणि इंदूरला नवी संस्था उभारली. होळकर संस्थानाने सुमारे तीनशे एकर जमीन दिली. कापूस समितीने आणि मध्य भारतातल्या संस्थानांनी पैसा दिला. माळव्यातली ती जमीन काळी, कपाशीची. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात चिकट होऊन हवा कोंडणारी. पुणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्यालाही ती अनोळखी वाटली नसती.

इंदूरला मराठी माणसांची जुनी वस्ती. हॉवर्ड यांचे येथले सहकारी यशवंत वाड हे रसायनाची बाजू सांभाळत. ढिगात कोणत्या दिवशी किती नत्र आहे, कर्ब किती जळाला, ओल किती राहिली, याची मोजमापे झाली नसती तर ती पद्धत शास्त्र म्हणून उभीच राहिली नसती. १९३१ मध्ये हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावाने या कामाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. शेतातल्या टाकाऊ पदार्थांपासून ह्यूमस, म्हणजे पूर्ण कुजलेला काळा भुसभुशीत अंश, कसा करावा हा त्याचा विषय.

पद्धत दिसायला साधी होती. कपाशीच्या पऱ्हाट्या कडक असतात, म्हणून त्या शेतातल्या गाडीवाटेवर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्यायच्या. पालापाचोळा, तण, पाचट असे सगळे मिसळायचे. गोठ्यात जनावरांखाली माती पसरायची. ती मूत्राने भिजली की तीही ढिगात घालायची, कारण मूत्रात नत्र असते आणि एरवी ते वाया जाते. थोडे शेण विरजणासारखे, थोडी लाकडाची राख आंबटपणा मोडण्यासाठी. खड्डा उथळ, म्हणजे हवा खेळती राहते. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते म्हणून तेव्हा ढीग जमिनीवर रचायचा. तीन वेळा उलटापालट करायची. सुमारे तीन महिन्यांत शेणाचा वासही न येणारे, काळसर, भुसभुशीत खत तयार.

या तीन महिन्यांत कामगार होते ते सूक्ष्मजीव. आधी बुरशी वाढते. ढीग उकरला तर तिचे पांढरे धागे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. ढीग तापतो, आतले तापमान ६० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, तणांचे बी आणि बरेच रोगजंतू मरतात. मग जिवाणूंची पाळी येते. वाळक्या काडीकचऱ्यात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी कमी असते. सूक्ष्मजीव हा कर्ब खाऊन वापरतात आणि शेवटी साधारण दहा भाग कर्बाला एक भाग नत्र असे प्रमाण उरते. सुपीक मातीतल्या ह्यूमसमध्येही जवळपास तेच प्रमाण असते. न कुजलेला कचरा थेट मुळाशी घातला तर उलटे घडते. तो कुजवण्यासाठी सूक्ष्मजीव मातीतलेच नत्र उचलतात आणि रोप पिवळे पडते. कच्चे शेण रोपाच्या बुंध्याशी घालू नये असे जुने माळी सांगत, त्यामागचे एक कारण हे.

चीन आणि जपानमधले शेतकरी शतकानुशतके असे खत करत आले, हे हॉवर्ड यांनी अमेरिकी मृदाशास्त्रज्ञ फ्रँकलिन किंग यांच्या १९११ च्या पुस्तकात वाचले होते आणि त्याचे ऋण ते मान्य करत. जुन्या रीतीला त्यांनी मोजमाप दिले, वेळापत्रक दिले.

इंदूरचे काम पूर्ण होत आले तेव्हा घरात मोठा आघात झाला. १९३० च्या ऑगस्टमध्ये गॅब्रिएल यांचे जिनेव्हा येथे निधन झाले. पुढच्या वर्षी हॉवर्ड निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. गॅब्रिएल यांच्या बहीण लुईस जिनेव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत शेतीविषयक काम पाहत. १९३१ मध्ये हॉवर्ड यांचे त्यांच्याशी लग्न झाले. नंतरच्या काळात हॉवर्ड यांच्या भारतातल्या कामाचा तपशीलवार वृत्तांत लिहून ठेवला तो लुईस यांनीच.

इंदूर पद्धत मात्र तेथे थांबली नाही. आफ्रिका आणि मध्य अमेरिकेतले कॉफीचे मळे, भारत आणि सिलोनमधले चहाचे मळे येथे ती पोचली. १९३५ मध्ये इंदूरला आले असता गांधीजींनीही ती पाहिली आणि तिचा प्रचार केला. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आचार्य यांनी शहरातल्या कचऱ्यासाठी निराळी पद्धत बसवली. १९३४ मध्ये हॉवर्ड यांना सर ही पदवी मिळाली.

मूळ आणि बुरशी यांची सोयरीक

निवृत्तीनंतर हॉवर्ड यांना एका प्रश्नाने झपाटले. कंपोस्ट घातल्यावर झाडात जो फरक दिसतो, तो त्यातल्या नत्र, स्फुरद, पालाशाच्या हिशेबाने समजावता येत नाही, असे त्यांना वाटे. मग तो येतो कुठून?

याचे एक उत्तर जर्मनीत आधीच सापडले होते. ट्रफल ही महागडी भूछत्रे लावता येतील का, हे पाहण्याचे काम आल्बर्ट फ्रँक या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे आले. ते काम करताना १८८५ मध्ये त्यांनी दाखवले की जंगलातल्या झाडांच्या बारीक मुळांवर बुरशीचे आवरण असते आणि ते रोगाचे नसून भागीदारीचे असते. या जोडीला त्यांनी मायकोरायझा हे नाव दिले. बुरशीचे धागे मुळापेक्षा कितीतरी बारीक असतात. मुळाला न पोचता येणाऱ्या मातीच्या फटींत शिरून ते स्फुरद, जस्त आणि पाणी आणतात. मोबदल्यात झाड त्यांना साखर देते. स्फुरद मातीत फारसा हलत नाही. मूळ आपल्या भोवतीचा स्फुरद संपवते आणि पुढचा काही मिलिमीटर अंतरावर असूनही त्याला मिळत नाही. ते अंतर बुरशी भरून काढते.

इंग्लंडमध्ये बेडफर्ड कॉलेजच्या मेबल रेनर यांनी १९३० च्या दशकात वेअरहॅमच्या माळावर याचा प्रयोग केला. तेथे पाइनचे बी उगवे, पण रोपे बोटभर वाढून थांबत. त्या मातीत थोडे कंपोस्ट मिसळले की मुळांवर बुरशीची जोडणी होई आणि रोपे जोमाने वाढत. कंपोस्टमधल्या अन्नद्रव्यांपेक्षा त्याने जागे केलेले मातीतले जीवन महत्त्वाचे, असा निष्कर्ष रेनर यांनी काढला. हॉवर्ड यांना हवा होता तोच दुवा सापडला. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेतीविषयक ग्रंथात त्यांनी या कामाला मानाचे स्थान दिले. चहाच्या झाडांची मुळे मागवून त्यांनी ती तपासून घेतली.

येथून पुढे हॉवर्ड अधिकाधिक ठाम होत गेले. रासायनिक खत मातीतले जीवन मारते, दुबळी माती दुबळे पीक देते, दुबळे पीक खाणारी जनावरे आणि माणसे आजारी पडतात, अशी त्यांची साखळी होती. आपल्या शेतावरचे बैल शेजारच्या लाळ्या-खुरकुताच्या रोगी जनावरांना नाक लावूनही निरोगी राहिले, हे ते पुराव्यादाखल सांगत.

कुठे बरोबर, कुठे चूक

हॉवर्ड यांचे मोठेपण मान्य करूनही ही साखळी जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. बैलांचे निरीक्षण हे निरीक्षणच होते. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. लाळ्या-खुरकुत हा विषाणूचा रोग आहे आणि कितीही चांगला चारा घातला तरी लस टोचावीच लागते. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे १८४३ पासून एकाच शेतात गहू घेतला जातो. तेथे नुसत्या रासायनिक खतावरच्या पट्ट्यांनी शेणखताच्या पट्ट्यांच्या तोडीचे उत्पादन दशकानुदशके दिले. ती जमीन हॉवर्ड म्हणत तशी मेली नाही.

रोपवाटिकेपुरती परीक्षाही पुढे झाली. १९४५ पासून रॉथमस्टेडच्या शास्त्रज्ञांनी ब्रिटनच्या वनखात्याच्या रोपवाटिकांत कंपोस्ट आणि रासायनिक खत यांची वर्षानुवर्षे शेजारी-शेजारी तुलना केली. ब्लांच बेन्झियन यांनी त्याचा सविस्तर अहवाल १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. नीट मोजून, योग्य वेळी दिलेल्या खतावरची रोपे कंपोस्टवरच्या रोपांइतकीच चांगली वाढली होती. म्हणजे जेथे योग्य बुरशी मातीत आधीच आहे आणि फक्त अन्न कमी आहे, तेथे खताने काम भागते.

पण दुसऱ्या बाजूचाही पक्का पुरावा आहे. कॅरिबियन समुद्रातल्या पोर्टो रिको बेटावर पाइनची लागवड वर्षानुवर्षे फसत होती. तेथे पाइन मुळात नव्हताच, त्यामुळे त्याची जोडीदार बुरशीही मातीत नव्हती. १९५५ मध्ये अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून पाइनखालची माती आणून रोपांना दिली, तेव्हा खुरटलेली रोपे वाढू लागली. तेथे जिवंत मातीचीच उणीव होती.

हे दोन्ही निकाल एकत्र वाचले की हॉवर्ड यांच्या कामातला टिकाऊ भाग हाती येतो. आधी मातीत काय कमी आहे ते पाहावे. अन्न कमी असेल तर अन्न, जीव कमी असतील तर जीव, हवा कमी असेल तर हवा. खत विरुद्ध सूक्ष्मजीव हे भांडण रोपाचे नाही. मात्र एकाचा अतिरेक दुसऱ्याला मारक ठरतो, ही हॉवर्ड यांची शंका खरी निघाली. मातीत स्फुरद फार झाला तर झाड बुरशीला साखर देणे कमी करते आणि जोडणी घटते. नत्र फार झाले तर करंज, शिरीष, खैर, बाभूळ यांच्या मुळांवरच्या गाठी कमी होतात. या गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतले नत्र झाडाला देत असतात. शेंगा लागणाऱ्या प्रत्येक झाडाला मात्र अशा गाठी येत नाहीत. चिंच आणि बहावा त्यांच्यापैकी. त्यांना रायझोबियम लावून उपयोग नाही. कडुनिंब, आंबा, जांभूळ, वड यांना मायकोरायझा बुरशी उपयोगी पडते. तिचे बीजाणू मातीतच राहतात, भूछत्रांच्या बीजाणूंसारखे वाऱ्यावर सहज उडत येत नाहीत. म्हणून भरावाच्या मुरमात ती आपोआप लवकर पोचत नाही.

थेरगावच्या खड्ड्यापुरते

रोपवाटिकेत पिशवी भरताना गाळाची किंवा पोयट्याची माती, वाळू आणि पूर्ण कुजलेले शेणखत यांचे मिश्रण वापरतात. त्यातली माती एखाद्या जुन्या, निरोगी झाडाखालची थोडी मिसळली तर तिच्याबरोबर स्थानिक बुरशीही येते. झाड रोगट असेल तर त्याखालची माती घेऊ नये. नुसत्या कोकोपीटमध्ये वाढवलेल्या रोपांना मायकोरायझा बाहेरून द्यावा लागतो. तो वरून शिंपडून उपयोग होत नाही. मुळाला लागेल असा, बी किंवा रोप बसवताना त्याच्या खाली घालावा लागतो. ही बुरशी जिवंत मुळावरच वाढते. रोपे कोलमडण्याचा त्रास असेल तर कुजलेल्या खतात ट्रायकोडर्मा मिसळतात. जिवाणूखताच्या पाकिटावरची मुदत पाहावी, ते उन्हात ठेवू नये आणि युरिया किंवा बुरशीनाशक यांच्यात एकत्र कालवू नये.

रासायनिक खत द्यायचे तर चिमटीने, कोवळ्या मुळांपासून दूर, माती ओली असताना आणि थोड्या थोड्या दिवसांनी द्यावे. मूठभर युरिया बुंध्याशी पडला तर मुळे भाजतात. खड्डा खणताना वरची माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला ठेवावा. भरताना वरची माती मुळांभोवती यावी. भोवतीचे गवत हातभर अंतरावर रोखावे आणि पाण्याला वाट ठेवावी. पुशाच्या बागेतली आठ प्रकारची फळझाडे हॉवर्ड यांना हेच शिकवून गेली होती.

२० ऑक्टोबर १९४७ रोजी लंडनच्या ब्लॅकहीथ भागात हॉवर्ड यांचे निधन झाले. ज्या देशाने त्यांना माती वाचायला शिकवले, तो दोनच महिन्यांपूर्वी स्वतंत्र झाला होता. आज जगभर ते सेंद्रिय शेतीचे प्रवर्तक म्हणून ओळखले जातात. त्यांच्या इंदूरच्या संस्थेच्या जागेवर कृषी महाविद्यालय आहे.

रोप विकत घेताना आपण पाने पाहतो. पिशवी अलगद सोडवून मुळे पाहिली तर त्याचे भवितव्य अधिक नेमके कळते. पांढरी, भरपूर फाटे फुटलेली, मातीला धरून बसलेली केशमुळे असलेले रोप बुटके असले तरी चालेल. पिशवीच्या तळाशी मुळांची गुंडाळी झालेले उंच रोप मात्र दिसायला देखणे असले तरी परत द्यावे.